तारीख उलटून गेल्यावर

चि. ऋता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सगळं हसत सांगितलंस, पण मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तुझ्या खोलीतली मैत्रीण कुणा महाराजांचे व्हिडिओ बघून "आता कलियुग संपणार" म्हणून सामान बांधून गावी गेली. तारीख आली, गेली, काही झालं नाही. आणि ती परत आल्यापासून मेसमध्ये मुली तिला विचारताहेत, "काय गं, तू अजून इथंच?" पोरीनं दोन दिवस ताट खोलीतच नेलं, हेही तूच म्हणालीस. शेवटी म्हणालीस, "आई, इतकी शिकलेली मुलगी असं कसं मानू शकते?" हा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून मी विषय बदलला. आता सविस्तर लिहिते.

"तू अजून इथंच?" हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात, येशू येऊन आपल्याला स्वर्गात नेणार म्हणून वाट बघत बसलेल्या हजारो माणसांना १८४४ सालच्या ऑक्टोबरअखेरीस तो ऐकावा लागला होता. "अरे, तुम्ही वर गेला नाहीत? आम्हाला वाटलं, गेलात!" दुकानात गेलं की दुकानदार विचारायचा, रस्त्यावर पोरं ओरडायची. ही गोष्ट तुला नीट सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे.

विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता, न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टन गावचा. जन्म १७८२ चा. तरुणपणी बायबलवर फारसा विश्वास नसलेला, बुद्धीनं चालणारा माणूस. १८१२ साली इंग्रजांशी सुरू झालेल्या युद्धात तो लढला, माणसं मरताना पाहिली आणि परत आल्यावर धर्माकडे वळला. मग त्यानं बायबल हाती घेतलं, ते अगदी ओळीनं, प्रत्येक वचन दुसऱ्या वचनाशी ताडून बघत. दानीएलाच्या पुस्तकात त्याला एक वाक्य सापडलं: दोन हजार तीनशे दिवस लोटल्यावर पवित्रस्थान शुद्ध होईल. भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे एक वर्ष, असं मानण्याची पद्धत त्याच्या आधीपासून होती. पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी आणि शुद्ध होणं म्हणजे येशूचं पुन्हा येणं, असं त्यानं धरलं. मोजायला सुरुवात कुठून, तर इराणच्या अर्तहशश्त राजानं यरुशलेमबद्दल हुकूम काढला त्या इ.स.पू. ४५७ पासून. २३०० मधून ४५७ गेले, उरले १८४३.

गणित शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून हे जरा रेंगाळून सांगते. वजाबाकी बरोबर आहे. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य साल नाही. संख्यारेषेवर शून्य असतं, कालगणनेत ते नाही. म्हणून एक वर्ष वाढवायला हवं, म्हणजे १८४४. हेही बरोबर! मिलरच्या लोकांनी स्वतःच आपली चूक शोधून दुरुस्त केली. तू कुठल्याही ओळीवर बोट ठेव, आकडेमोड चोख आहे. गोची पहिल्याच ओळीत आहे: दिवस म्हणजे वर्ष, स्थान म्हणजे पृथ्वी, सुरुवात म्हणजे हाच हुकूम. ती तीन गृहीतकं कुणी तपासली नाहीत, कारण त्यांच्या खालचं गणित इतकं स्वच्छ होतं. शिकलेली माणसं कशी फसतात असं विचारतेस ना? पुष्कळदा अशीच फसतात. आकडे जुळले की मनाला वाटतं, सगळंच जुळलं.

मिलर लबाड नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. १८१८ च्या सुमारास तो या निष्कर्षाला आला आणि पुढची तेरा वर्षं जाहीरपणे काही बोलला नाही. पुन्हा पुन्हा पडताळत राहिला. १८३१ पासून व्याख्यानं द्यायला लागला. मग बॉस्टनचे जोशुआ हाइम्स नावाचे धर्मोपदेशक त्याला येऊन मिळाले. त्यांना छापखान्याची ताकद कळलेली होती. वर्तमानपत्रं निघाली, पत्रकं निघाली, दानीएलाच्या दृष्टांतातले प्राणी आणि खाली मांडलेली वर्षं असे मोठमोठे रंगीत तक्ते तंबूंत टांगले गेले. तुझ्या मैत्रिणीच्या मोबाइलवर जे येतं, तेच त्या काळच्या साधनांनी. मानणाऱ्यांची संख्या पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत असावी, असा अंदाज करतात.

मिलरनं धरलेली शेवटची मुदत, १८४४ चा मार्च, उलटली. काही झालं नाही. मिलरनं चूक कबूल केली, पण तो दिवस जवळ आलाय हा विश्वास सोडला नाही. मग ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्झेटरच्या मेळाव्यात सॅम्युएल स्नो यानं नवी तारीख मांडली: ज्यूंच्या सातव्या महिन्याचा दहावा दिवस, म्हणजे २२ ऑक्टोबर. आता नुसतं वर्ष नव्हतं, दिवस होता. लोकांनी उभी पिकं शेतात सोडली, दुकानांना कुलपं लावली, नोकऱ्या सोडल्या, कुणी पैसे वाटून टाकले. मिलर स्वतः ही तारीख मानायला तयार नव्हता. ऑक्टोबर उजाडल्यावर, अगदी शेवटी, त्यानं मान्य केलं. ज्यानं हे सगळं सुरू केलं तोही शेवटी गर्दीच्या मागून गेला, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

२२ ऑक्टोबरच्या रात्री माणसं घराघरांत, सभागृहांत जमून वाट बघत बसली. बारा वाजले. हायरम एडसन नावाचा एक शेतकरी त्या रात्रीबद्दल लिहून गेलाय की आमच्या सगळ्या आशा मोडून पडल्या, आणि आम्ही उजाडेपर्यंत रडत राहिलो, रडत राहिलो. अमेरिकेच्या इतिहासात त्या दिवसाला 'महान निराशा' असंच नाव पडलंय. त्या माणसांना जगाच्या अंताची भीती वाटत नव्हती गं. ती त्याची वाट बघत होती. गेलेलं मूल पुन्हा भेटणार, दुखणं सरणार, अन्याय संपणार, अशा आशेनं बसली होती. सकाळी दूध काढायला गोठ्यात जावं लागलं, तेव्हा त्यांचं काय झालं असेल, याचा विचार कर.

आणि त्यानंतर चिडवणं सुरू झालं. नुसतं चिडवणंही नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकामध्ये त्यांचं प्रार्थनास्थळ जाळलं. ही मंडळी पांढरे झगे घालून टेकड्यांवर आणि छपरांवर चढून बसली होती, अशा कहाण्या वर्षानुवर्षं छापल्या गेल्या. पुढच्या संशोधकांनी धांडोळा घेतला, तर त्याला भरवशाचा पुरावा सापडला नाही. लोकांना हसायला एक चित्र हवं होतं, ते लोकांनी काढलं. ज्यांना हसले, त्यांतली अनेक माणसं आपापल्या जुन्या चर्चमधून आधीच बाहेर पडलेली किंवा काढलेली होती. परत जायला जागा नव्हती. अशा वेळी माणूस कुठं जातो? ज्यांनी तारीख दिली त्यांच्याकडेच, कारण निदान तिथं कुणी हसत नाही. मेसमधल्या मुलींना हे कळत नसेल, पण त्या तुझ्या मैत्रिणीला पुन्हा त्याच व्हिडिओकडे ढकलताहेत.

तू म्हणशील, ही अमेरिकेतली, जुन्या काळातली माणसं. मग आपल्या आजीचं ऐक. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही होती. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि आठवा केतू, सगळे मकर राशीत. ३ ते ५ फेब्रुवारी या दिवसांत प्रलय होणार, भूकंप होणार, समुद्र वर येणार, असं देशभर बोललं जात होतं. ठिकठिकाणी यज्ञ झाले, अखंड नामजप झाले, मणांनी तूप होमात गेलं. ५ तारखेच्या अमावास्येला खग्रास ग्रहणही होतं, पण ते दिसलं तिकडे बोर्निओ, न्यू गिनीकडे. आकाशात खरं म्हणजे काही एकत्र आलेलं नव्हतं. आपल्याकडून बघताना ते एका दिशेला दिसत होते, इतकंच. शनी तेव्हाही नेहमीसारखा सव्वाशे कोटी किलोमीटरच्या पलीकडेच होता. आणि केतू हा तर गोलही नाही, चंद्राची वाट सूर्याची वाट जिथं छेदते तो बिंदू.

पण आजी तेव्हा नारायण पेठेत राहायची, हे विसरू नकोस. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं होतं, त्याला सात महिनेही झाले नव्हते. त्यांच्या वाड्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ माणसाच्या डोक्याच्या वर होती आणि ती अजून पुसलेली नव्हती. माळ्यावरच्या पेटीतले कपडे धुतले तरी गाळाचा वास जात नव्हता. आजी सांगते, तिची आई त्या तीन रात्री सगळ्या मुलांना एकाच खोलीत झोपवायची आणि स्वतः दाराशी बसायची. पुण्यात घर वाहून गेलेल्या बाईला कुणी सांगितलं की पुन्हा पाणी येणार, तर तिनं ते का मानू नये? तिच्या बाबतीत ते एकदा खरं झालेलं होतं. धरण फुटणार नाही असं सांगणारेही शिकलेलेच होते.

मिलरच्या मागे गेलेल्यांचंही तसंच. १८३३ च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्री आकाशातून उल्कांचा असा पाऊस पडला की माणसं रस्त्यावर येऊन गुडघे टेकून बसली. १८३७ मध्ये बँका बुडाल्या, अनेकांची आयुष्यभराची पुंजी गेली. १८४३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भरदिवसा दिसण्याइतका तेजस्वी झालेला धूमकेतू आला. आधीच हादरलेल्या माणसाला तारीख सांगितली की ती पटकन रुजते. तुझ्या मैत्रिणीच्या घरी गेल्या वर्षी काय झालं, हे तुला ठाऊक आहे का? तू मला कधी सांगितलं नाहीस. विचारलंस का कधी?

अष्टग्रही टळली, तेव्हा यज्ञ करणारे म्हणाले, यज्ञामुळे टळली. ऑक्टोबरमध्ये चीननं हल्ला केला, तेव्हा आमच्याच घरातले एक काका म्हणाले, बघा, अष्टग्रहीचं फळ उशिरा मिळालं. दोन्ही बाजूंनी ग्रहच जिंकले. अशा गोष्टी खोट्या ठरूच शकत नाहीत, कारण खोटं ठरायची वाट आधीच बुजवलेली असते. काहींचं याहून भयंकर होतं, तेही लिहिते.

दक्षिण आफ्रिकेत खोसा लोक आहेत. १८५० नंतर इंग्रजांशी लढाईत ते हरले, जमीन गेली. पाठोपाठ युरोपातून जहाजानं आलेल्या बैलांबरोबर गुरांच्या फुप्फुसाचा रोग आला आणि त्यांची जनावरं पटापट मरू लागली. १८५६ मध्ये नोंगकावुसे नावाच्या, तुझ्याहून लहान असलेल्या एका मुलीनं सांगितलं की नदीकाठी मला पूर्वज भेटले. ते म्हणाले, सगळी गुरं मारा, धान्य टाकून द्या, पेरणी करू नका, मग मेलेले पूर्वज उठतील, निरोगी गुरं येतील, गोरे समुद्रात जातील. तिच्या काकानं ते सरदारांपर्यंत पोचवलं आणि सारहिली राजानं मानलं. ठरलेली वेळ आली, गेली. तेव्हा म्हणाले, सगळ्यांनी गुरं मारली नाहीत म्हणून पूर्वज आले नाहीत. मग उरलेलीही मारली. १८५७ चा फेब्रुवारी उलटेपर्यंत सुमारे चार लाख गुरं मारली गेली होती. पुढच्या उपासमारीत चाळीस हजारांच्या आसपास माणसं मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. जी उरली त्यांतली हजारो वसाहतीत मजुरीला गेली आणि त्यांच्या जमिनी गोऱ्यांना मिळाल्या. त्या मुलीला दोष देणं मला जमत नाही. पण "तुम्ही पूर्ण विश्वास ठेवला नाहीत म्हणून झालं नाही" हे वाक्य जिथं ऐकशील, तिथून उठून ये. तुझ्या मैत्रिणीला पुढच्या व्हिडिओत हेच वाक्य ऐकायला मिळेल, म्हणून ती ऐकायच्या आधी तिच्याजवळ कुणी तरी बसलेलं असावं, अशी माझी इच्छा आहे.

आपल्या काळातही हॅरल्ड कॅम्पिंग होते, कॅलिफोर्नियात रेडिओवर बायबल सांगणारे. शिक्षणानं स्थापत्य अभियंता. त्यांनी १९९४ ची तारीख दिली, ती गेली. मग २१ मे २०११ दिली, त्यासाठी देशोदेशी रस्त्यांवर मोठे फलक लागले. ती गेली तेव्हा २१ ऑक्टोबर दिली. नंतर २०१२ मध्ये त्यांनी चूक मान्य केली. त्यांच्या सांगण्यावरून ज्यांनी साठवलेले पैसे जाहिरातींवर घातले, ज्यांनी नोकऱ्या सोडल्या, त्यांचं मात्र कुणी भरून दिलं नाही. तारीख देणाऱ्याचं फार तर नाव जातं. ऐकणाऱ्याचं पीक जातं, गुरं जातात, वर्ष जातं. म्हणून कुणी असं काही सांगितलं की ते खरं की खोटं या वादात मी पडत नाही. आधी बघते, हा माणूस मला काय थांबवायला सांगतोय. पेरणी? औषध? मुलीचं शिक्षण? आणि जे सोडायला सांगतोय ते नंतर परत मिळणारं आहे का?

यात मी श्रद्धेला दोष देत नाहीये, हे तुला ठाऊक आहे. मी रोज देवापुढे दिवा लावते, हरिपाठ म्हणते, आणि म्हणत राहीन. उलट त्या महाराजांनी आपल्याच परंपरेचा हिशोब धाब्यावर बसवलाय. आपल्या पंचांगाची पहिली पानं उघडून बघ. कलियुगाची एकूण वर्षं ४,३२,००० दिलेली असतात, आणि त्यातली जेमतेम पाच हजारांच्या वर संपलीत. ही संख्या मानायची की नाही हा वेगळा प्रश्न, पण जो ती मानतो त्याला तरी या वर्षी कलियुग संपवता येत नाही.

औंधला जाताना स्पायसर कॉलेज लागतं, तुला आठवत असेल. लहानपणी तिथल्या बेकरीतला ब्राउन ब्रेड आपण आणायचो, आणि शनिवारी तिथं सगळं बंद का, असं तू विचारायचीस. ते सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट लोक, शनिवार पाळणारे. त्यांचं मूळ त्या २२ ऑक्टोबरच्या रात्रीत आहे. त्या रात्री वाट बघणाऱ्यांत मेन राज्यातल्या पोर्टलंडची सोळा वर्षांची एलन हार्मन होती. पुढे तिच्यासारख्यांनी मिळून १८६३ मध्ये हा पंथ रीतसर स्थापन केला. २२ ऑक्टोबरला काहीच घडलं नाही हे मात्र त्यांनी मान्य केलं नाही. घडलं ते पृथ्वीवर नव्हे, स्वर्गात, असा अर्थ लावला. मला तो पटत नाही. पण पुन्हा तारीख ठरवायची नाही, हे एलननं आपल्या लोकांना आयुष्यभर बजावलं. आणि वाट बघत हात जोडून बसण्याऐवजी त्यांनी दवाखाने काढले, शाळा काढल्या, इथं पुण्यातही कॉलेज चालवलं. आज जगभरात ते दोन कोटींहून जास्त आहेत. मिलरला हे बघायला मिळालं नाही, तो १८४९ मध्ये गेला. पण त्या निराशेनंतर तीन आठवड्यांच्या आत त्यानं हाइम्सना लिहिलं होतं की मी आता दुसरी वेळ ठरवलीय आणि तिच्यावरच उभा राहीन. ती म्हणजे आज, आज आणि आज. त्याचं सगळं गणित मला अमान्य आहे, तरी या वाक्यापुढे मी नमते.

आता तुझ्या मैत्रिणीचं. तू ओघात म्हणालीस की तिनं सत्राचा परीक्षेचा फॉर्म भरला नाही, कारण परीक्षा होणारच नव्हती. मला काल रात्री सगळ्यात जास्त टोचलं ते हे. बाकी गोष्टी निभावतील, हिचं वर्ष वाया जाता कामा नये. तिच्याशी व्हिडिओबद्दल वाद घालू नकोस, निदान आता नको. महाराज कसे खोटे, हे सिद्ध करून तिला काय मिळणार? तिला ते आपोआप कळायला सवड हवी, आणि तेवढ्या काळात कुणी तिला कोपऱ्यात घेऊ नये. मेसमध्ये तिच्या शेजारी बस. कुणी पुन्हा तो प्रश्न विचारला तर तू उत्तर दे, तिला द्यायला लावू नकोस. गावी तिच्या आईवडिलांनीही हे मानलं होतं का, त्यांनी काही विकलं-बिकलं का, हे हळूच काढून घे. तसं असेल तर प्रकरण एकट्या मुलीच्या आवाक्यातलं नाही, मग बाबा आणि मी बोलू त्यांच्याशी.

फॉर्मचं उद्याच बघ. विलंब शुल्क भरून बहुतेक ठिकाणी काही दिवस घेतात. परीक्षा विभागात जाऊन समोर विचार, फोनवर ते लोक नीट सांगत नाहीत. तू सोबत जा, अर्ज लिहायला लागला तर मदत कर, कारण मात्र "घरगुती अडचण" एवढंच लिहा. शुल्काचे पैसे मी तुझ्या खात्यावर पाठवते. ती नको म्हणाली तर उसने म्हण, तिला हवे तेव्हा देईल.

बाबांचा गुडघा बरा आहे. आजी तुझी आठवण काढते.

तुझी,
आई